ज्यांना कशानंच भाग जात नाही

बनसोडे सरांचा तास झाला की वर्गाच्या फरशीवर खडूच्या धुळीची एक वाट उमटलेली असायची. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत, पुन्हा खिडकीकडे. आमचा शिपाई केर काढताना कुरकुरायचा, "बाकीच्या मास्तरांचा खडू फळ्यावर ऱ्हातो, ह्यांचा समदा भुईवर."

कऱ्हाडच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत होते. वाईहून नव्यानेच आले होते आणि मावशीकडे राहत होते. बनसोडे सर माझ्यानंतर वर्षभराने गणिताला आले. मूळचे आष्ट्याजवळच्या खेड्यातले, कॉलेज सांगलीला झालेले. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि हात सतत कशात तरी. खडू नसला तर किल्ली, किल्ली नसली तर शर्टाचं बटण. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासाठी एक खुर्ची होती, पण ती आम्ही सगळे छत्र्या आणि पिशव्या ठेवायला वापरायचो. सर मधल्या सुट्टीत खिडकीशी उभे राहून चहा प्यायचे. खिडकीतून समोरचा हमरस्ता दिसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्या एसट्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "सोमणबाई, आत्ता गेली त्या गाडीचा नंबर पाहिलात?"

"नाही बुवा."

"चार हजार सहाशे सतरा. आता हे चार अंक कसेही फिरवा. पुढचा मागं, मागचा पुढं. नवाने भाग जाणारच. अंकांची बेरीज अठरा, आणि बेरजेला क्रमाशी काही देणंघेणं नाही. चाराने जायला मात्र शेवटचे दोन अंक सांभाळावे लागतात. सोळा ठेवा, चौसष्ट ठेवा. आणि अकराने?" ते थांबले, कपातला चहा हलवत राहिले. "अकराने कसंही फिरवलं तरी नाही. सगळ्या मांडण्या करून बघा. नाहीच जात."

मी हसून म्हटलं, "मग काय करायचं त्या गाडीचं?"

ते हसले नाहीत. "तेच तर. काही करता येत नाही," म्हणाले आणि कप विसळायला गेले.

असं बोलणं दिवसभर चालायचं. सिनेमाच्या तिकिटावरचा आकडा, पोत्यावर छापलेला आकडा, आगगाडीच्या डब्यावरचा. दोनाने, पाचाने जाणाऱ्या संख्यांचा त्यांना कंटाळा होता, "शेवटचा अंक बघितला की संपलं. त्यात काय आहे?" तीन आणि नऊ त्यांना भली माणसं वाटायची, क्रम न विचारणारी. सातावर मात्र त्यांचा राग होता. "साताची कसोटी आहे, नाही असं नाही. शेवटच्या अंकाची दुप्पट करा, उरलेल्यातून वजा करा, पुन्हा करा. पण ती काय कसोटी झाली? त्यापेक्षा सरळ भागाकार बरा. सात माणसाला स्वस्थ बसू देत नाही." मला वाटायचं, साताचं नुसतं नाव. यांना स्वस्थ बसू न देणारं दुसरंच काहीतरी असणार.

पाचवी ब हा त्यांचा आवडता वर्ग. शेजारीच माझा वर्ग होता आणि मधली भिंत अर्धीच, वर लाकडी पट्ट्यांची जाळी. त्यामुळे त्यांचा तास मलाही ऐकावा लागायचा. एकदा त्यांनी मुलांना एक ते सहा अंक दिले. प्रत्येक अंक एकदाच वापरायचा आणि सहा अंकी संख्या करायची. तिच्या पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनाने भाग गेला पाहिजे, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तीनाने, चारांच्या चाराने, असं सहापर्यंत. पाट्यांवर पेन्सिली किरकिरायला लागल्या. बऱ्याच वेळाने हणमंत नावाचा एक मुलगा ओरडला, "सर, घावली! एक, दोन, तीन, सहा, पाच, चार!"

मला वाटलं, आता शाबासकी. पलीकडून सरांचा आवाज आला, "आणखी?"

"आनि कुठली सर? ही बरोबर हाय की."

"बरोबर आहे. आणखी आहे का?"

पुन्हा पेन्सिली. हणमंतानेच पुन्हा सांगितलं, "तीन, दोन, एक, सहा, पाच, चार. ही बी जातीय सर."

"आणखी?"

आता वर्ग वैतागला. "आता न्हाई सर."

"कशावरून नाही?"

"लय बघितल्या सर. न्हाईच घावत."

"सापडत नाही आणि नाही, यात फरक आहे रे गड्या. चल, उभा राहा. पाच कुठं बसेल?"

"पाचव्या जागी. पाच अंकांना पाचानं भाग जायचा तर शेवटी पाचच पायजे. शून्य न्हाईच आपल्याकडं."

"दुसरी, चौथी, सहावी जागा?"

"तितं सम अंक."

"म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या जागी?"

"एक आन तीन." मग पोराच्या आवाजात काहीतरी उजळलं. "आन एक आन तीन मिळून चार, म्हंजी मधी दोनच पायजे सर! चार घातला तर आठ, सहा घातला तर धा. तीनानं न्हाई जात!"

"आणि चौथ्या जागी चार का नाही?"

"चौदाला चारानं भाग जाईना, चौतीसला बी जाईना. सहाच पायजे. मग चार मागं ऱ्हातो. दोनच हायत सर! दोनच!"

"आता तू म्हणू शकतोस, आणखी नाही," सर म्हणाले. जाळीतून मला ते दिसत होते. खिडकीकडे तोंड करून उभे, बोटांनी गजावर ताल धरलेला. गणित सुटलं होतं, मुलं आनंदात होती, आणि सरांच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी हातून निसटल्यासारखं होतं. हे मी पुढेही पाहिलं. एक ते नऊ अंकांचं असंच कोडं त्यांनी एका दिवाळीच्या सुट्टीत सोडवलं होतं. सगळ्या कसोट्या लावल्यावर थोडक्याच संख्या उरतात आणि त्यांतली एकच साताला पटते. ते मला हे सांगत होते तेव्हा मी म्हटलं, "वा! एकच?" तर म्हणाले, "हो ना. एकच. आता त्यात काही राहिलं नाही."

त्यांच्या पायाला भिंगरी आहे असं शाळेत सगळे म्हणायचे, कारण ते खोल्याही सारख्या बदलायचे. कधी सोमवार पेठेत, कधी नदीच्या अंगाला, कधी स्टेशनच्या वाटेवर. एका रविवारी मी मंडईतून येत होते, तेव्हा ते सायकलच्या मागे ट्रंक बांधून चालत निघालेले दिसले. हँडलला गुंडाळलेली वळकटी.

"पुन्हा खोली बदलली?"

"घरमालकांच्या आईचं सोवळं आहे म्हणे. आधी ठाऊक नव्हतं त्यांना. आडनाव विचारलं होतं, गावही विचारलं होतं, पण त्यांचा हिशेब काल पूर्ण झाला." असं म्हणून ते हसले. "म्हातारी आहे. तिच्याशी मी कशाला भांडू?"

त्यांचं कुटुंब सगळ्या वस्तीबरोबर बौद्ध झालेलं. हे त्यांनी कधी लपवलं नव्हतं आणि मुद्दाम सांगितलंही नव्हतं. ट्रंक घेऊन ते पुढे गेले. तीन-चार दिवसांनी मधल्या सुट्टीत, सगळे डबे खात असताना, खिडकीपाशी उभ्या उभ्या ते एकदम म्हणाले, "भांडायला हवं होतं." कुणाला काही कळलं नाही. त्याच संध्याकाळी ते त्या घरमालकाकडे परत गेले आणि अंगणात उभं राहून, आवाज न चढवता, जे म्हणायचं ते म्हणून आले. हे मला त्या आळीत राहणाऱ्या एका मुलीने सांगितलं. "सर लय शांत बोललं बाई, पर मालक घरात जाऊन बसलं."

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "आता बरं वाटलं?"

"नाही," ते म्हणाले. "एक मुद्दा राहिला सांगायचा."

त्यांचे वडील एकदा शाळेत आले होते. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, पायात बूट, खांद्यावर भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. सर तासावर होते म्हणून ते माझ्यापाशी थांबले. "बसा ना," म्हटलं तर खुर्चीत ताठ बसले.

"बाई, आमचा गडी बसतो का कवा?"

"कधीच नाही."

"बारका आसताना बी असाच. शेरडं राखाय धाडला तर शेरडं एकीकडं आन ह्यो एकीकडं. गावात सांगत फिरायचा, शेरडांच्या तीन तीनच्या जोड्या लागत न्हाईत, एक जादा हाय. आवं, एक शेरडू दुसऱ्याचं आलं हुतं! ते घावलं ह्याच्या ह्या खुळापायी." म्हातारा मोठ्याने हसला, मग गंभीर झाला. "पलटनीत मी पोरास्नी म्हनायचो, खडे रहो. समदी खडी ऱ्हायची. ह्याला न्हाई जमलं. ह्याची आई म्हनायची, ह्याला कोन तरी हाक मारतंय आन ह्यालाच ऐकू येतंय."

तेवढ्यात सर आले. वडिलांना पाहून शर्टाच्या बाह्या खाली सोडून बटणं लावायला लागले. त्यांना असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग सदुसष्ट सालचा डिसेंबर आला आणि कोयनेचा भूकंप झाला. पहाटेच्या त्या धक्क्याचं मी इथे सांगत नाही, आमच्याकडच्या प्रत्येक घरात ते सांगणारं कुणीतरी आहे. सांगायचं ते त्यानंतरच्या दिवसांचं. जमीन थांबतच नव्हती. दिवसातून कितीदा तरी भांडी वाजायची, कौलं सरकायची, कुत्री एकदम गप्प व्हायची. लोक घरं सोडून अंगणात, परसात, शेतात तट्ट्यांच्या खोपी करून राहत होते. शाळेच्या भिंतींना भेगा गेल्या होत्या, म्हणून शाळा पुन्हा भरली तेव्हा वर्ग पटांगणावरच्या झाडांखाली बसायचे. आवाराची दगडी भिंत एका बाजूला कलली होती. फाटकाचा एक दगडी खांबही कलला होता आणि त्याचं दार जाम झालं होतं. उघडत होतं ते दुसरं, त्यातून दोन मुलं जेमतेम जायची.

मुलांचं लक्ष कशातच नव्हतं. मी कविता शिकवायला घेतली की अर्धी मुलं जमिनीवर तळहात ठेवून बसायची. सरांनी पाचवी बला ते नऊ अंकांचं कोडं दिलं. "यात वेळ जाईल," मला म्हणाले. "हादरा आला तरी पाटी सोडायची नाही एवढं सांगितलंय."

आणि सगळ्यात मोठी भीती धरणाची होती. वर कोयनेला धरण आणि खाली संगमावर आमचं गाव. कुणी म्हणे भेग गेली, कुणी म्हणे पाणी झिरपतंय. अशाच एका दुपारी रस्त्यावरून माणसं पळताना दिसली. पहिल्यांदा नुसता गलका, मग शब्द ऐकू आले. "धरान फुटलं! पळा, धरान फुटलं!"

मोठे वर्ग फाटकाजवळच्या चिंचेखाली होते. ती मुलं उठली आणि धावली. त्यांचे सर ओरडत होते, पण कुणी ऐकेना. एका दारात सगळी अडकली. दप्तरं, पाय, किंकाळ्या. कललेल्या खांबावर पोरांचा रेटा पडला आणि वरचा एक दगड सुटून खाली आला. नववीतला एक मुलगा खाली पडला, त्याच्या हातावरून मुलं गेली. नंतर कळलं, हात दोन ठिकाणी मोडला होता.

माझा वर्ग आणि पाचवी ब पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाखाली होते. माझी मुलं मला बिलगली. मी हातांनी त्यांना धरून ठेवलं होतं. पाचवी बची मुलं उठायला लागली, तोच सरांचा आवाज आला. मोठा नव्हता, पण त्यांच्या वडिलांचा असावा तसा होता.

"खाली बसा! हजेरीचा नंबर प्रत्येकानं मनात आणा. आणला? मी बोलावीन तोच उठेल. बाकीच्यांनी आपला नंबर तपासायचा."

मुलं बसली. सवयीने बसली असतील. सरांची नजर फाटकावर होती. दारातली चेंगराचेंगरी सुटत आली, पडलेल्या मुलाला दोघांनी उचललं, तेव्हा ते म्हणाले, "दोनाने भाग जातो ते. दोघादोघांची रांग. धावायचं नाही, चढावर जाऊन थांबायचं."

समसंख्येची मुलं उठली. हात धरून निघाली. ती दाराबाहेर पडेपर्यंत सर थांबले.

"उरलेल्यांत तीनाने जातात ते."

एक मुलगा पुटपुटला, "एकोनचाळीस, तीन आन नऊ बारा, जातो," आणि उठला. पोरं खरोखर बेरजा करत होती. रस्त्यावर माणसं जिवाच्या आकांताने पळत होती आणि लिंबाखाली अंकांच्या बेरजा चालल्या होत्या.

"पाचाने." थोडी गेली. "साताने." दोघंच उठली.

मग थोडी मुलं राहिली. त्यांनी सरांकडे पाहिलं. पुढे बसलेली रजिया, टांगेवाल्या मुलाणींची मुलगी, रडायलाच लागली. "सर, माझा एक हाय. मला कशानंच भाग जाईना. मी कवा जायचं?"

सर तिच्याजवळ गेले. "ज्यांना कशानंच भाग जात नाही, ते माझ्याबरोबर," म्हणाले आणि तिला कडेवर घेतलं. दुसऱ्या हाताने एकाचा हात धरला आणि निघाले. माझी मुलं मी त्यांच्या मागून काढली. कुणाला खरचटलंही नाही.

गावाच्या चढावर आम्ही सगळे जमलो आणि वाट पाहत राहिलो. पाणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत कळलं की अफवा होती. सर तेव्हा एका दगडावर बसले होते. गुडघ्यांवर कोपरं टेकून, ओंजळीत तोंड धरून. रजियाचा बाप टांगा घेऊन आला, मुलीला उचललं आणि सरांच्या पायाशी वाकला. सर दचकून उठले आणि चार पावलं मागे सरकले.

पंधरवडाभरानंतर संस्थेच्या एका सभासदाची तक्रार आली. त्यांचा पुतण्या पाचवी बमध्ये होता. हेडमास्तरांच्या खोलीत चौकशी झाली. मी त्याच लिंबाखाली होते म्हणून मलाही बोलावलं. मी पाहिलं तेवढं सांगितलं. मग सभासद सरांकडे वळले.

"माझ्या पुतण्याला शेवटी का ठेवलंत?"

"त्याचा नंबर सदतीस आहे."

"म्हणजे? पाणी आलं असतं तर? सदतीस नंबर म्हणून पोरगं बुडू द्यायचं?"

"शेवटच्या मुलांबरोबर मी होतो."

"तुम्ही बुडला असता तर आम्हाला काय त्याचं!"

हेडमास्तरांनी एक कागद पुढे सरकवला. दिलगिरीचा मजकूर होता, सही करायची होती. सरांनी तो वाचला. मग उभे राहिले आणि तेवढ्याशा खोलीत कपाटापासून दारापर्यंत फिरायला लागले.

"त्या दिवसापासून मी हाच विचार करतोय," ते म्हणाले. "दोनाचे आधी काढले, ते अर्धा वर्ग होते. एकदम फार झाले. पाचाचे आधी काढायला हवे होते, म्हणजे दार कितपत चालतंय ते कळलं असतं. आणि लहान चणीची मुलं शेवटी राहिली, ते वाईट झालं. माझा क्रम चुकला असेल. आणखी चांगला क्रम असेल. तो मी शोधतोय, सापडला की येऊन सांगेन. पण तुम्ही लिहिलंय की मी मुलांच्या जिवाशी खेळलो. त्यावर सही नाही करणार."

"बनसोडे, बसा," हेडमास्तर म्हणाले.

"नको सर."

ते निघून गेले. त्यांची नेमणूक हंगामी होती. जूनमध्ये नव्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. कुणी कारण दिलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. पाचवी बच्या पुष्कळ मुलांचे आईबाप हेडमास्तरांना भेटायला आले. ओल्या पदराच्या बायका, टांगेवाले, भाजीवाले फाटकापाशी बराच वेळ उभे राहिले. "आमचं पोर त्यांच्यामुळं हाय," असं म्हणत राहिले. त्यांना सांगितलं गेलं, निर्णय वरून झालाय. सर त्याआधीच गाव सोडून गेले होते. आम्हाला चहापानही करता आलं नाही. कुणी म्हणालं लोणंदला गेले, कुणी म्हणालं पुण्याला. पाचवी बची मुलं सहावीत गेली. नव्या गणिताच्या सरांनी पहिल्याच तासाला उत्तर मिळाल्यावर "शाबास" म्हटलं, तर वर्ग पुढच्या प्रश्नाची वाट बघत तसाच बसून राहिला, असं ते मला आश्चर्याने सांगत होते.

पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी सांगलीत दवाखान्यात होती. तिच्यासाठी मी मऊ भाताचा डबा घेऊन सकाळी जात असे. एके दिवशी पुरुषांच्या खोल्यांवरून जाताना व्हरांड्यात ओळखीच्या पांढऱ्या मिशा दिसल्या. हवालदार खाटेवर उशीला टेकून बसले होते. फार वाळले होते, अंगावर चादर, गालांवर साबणाचा फेस. समोर स्टुलावर बनसोडे सर बसले होते, हातात वस्तरा. गुडघ्यावर टॉवेल, पायाशी पाण्याचा वाडगा.

मी हाक मारणार होते. पण त्यांनी वडिलांची हनुवटी दोन बोटांनी हलकेच वर केली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि वस्तरा कानापासून खाली आणायला लागले. इतक्या सावकाश, की ते पुढे सरकतायत की नाही कळू नये. गळ्याच्या घडीपाशी ते थांबले. म्हाताऱ्याला खोकला येत होता. तो येऊन जाईपर्यंत वस्तरा हवेत धरून बसून राहिले. मग पुन्हा तिथूनच.

म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि मला पाहिलं. मान हलवता येत नव्हती, म्हणून नुसते डोळ्यांनीच हसले. सरांनी मागे पाहिलं नाही. त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, टॉवेलाला पुसला आणि दुसरा गाल उजेडाकडे घेतला.

डबा निवत होता. मी बहिणीच्या खोलीकडे निघाले.